दुसरा साक्षीदार

९ जानेवारी

अगं,

मायना काय लिहावा या विचारात एक कागद फुकट गेला, म्हणून हे नुसतं ‘अगं’. इतक्या वर्षांनी माझं पत्र बघून घाबरू नकोस. घर जागेवर आहे, मी जागेवर आहे, कवळी तेवढी कधी जागेवर असते, कधी नसते.

पत्राचं कारण मंडळाचं आहे. काल आपल्या इतिहास मंडळाची वार्षिक सभा झाली. ‘आपल्या’ म्हटलं म्हणून नाक मुरडू नकोस. तू मंडळाला कायम ‘तुमची ती रिकामटेकडी माणसं’ म्हणायचीस, ती माणसं अजून तशीच आहेत, फक्त म्हातारी झाली. वाचनालयाच्या मागच्या खोलीतच भरतं मंडळ अजून. पंखा फिरतो तेव्हा कागद उडतात, बंद केला तर अध्यक्षांना घाम फुटतो. अध्यक्ष म्हणजे आपले दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद केला, पण सवय गेली नाही. समोरच्याच्या तोंडात अजून काहीतरी कोंबलेलं आहे आणि तो उत्तर देऊ शकणार नाही, असं धरूनच बोलतात. खजिनदार मुख्याध्यापिका बाईच आहेत. बोलायला उठलेल्या माणसाला त्या अजूनही ‘सरळ उभे राहा’ म्हणतात. आणि चिटणीस मी. दुसरं कोणी तयार होत नाही.

येत्या वर्षाचा कार्यक्रम ठरला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जुन्या गल्ल्यांतून फेरी. मार्चमध्ये ‘ओळखा पाहू’, म्हणजे लोकांनी दिलेले जुने फोटो टेबलावर मांडायचे आणि त्यातली माणसं लोकांनीच ओळखायची. उन्हाळ्यात जुन्या विहिरींची मोजणी. त्याचे नकाशे मी काढणार, पाणीखात्यात जन्मभर रेघा ओढल्या त्याचा तेवढा तरी उपयोग. जुन्या आगगाड्यांवर एक व्याख्यान, वक्ता मिळाला तर.

आणि सप्टेंबरमध्ये पूल.

आमचा पंचवीस वर्षांचा नियम तुला आठवत असेल. एका नगरसेवकाला आपल्या हयात सासऱ्याचा पुतळा संग्रहात बसवायचा होता, तेव्हा आम्ही तो केला. पंचवीस वर्षं झाल्याशिवाय कुठल्याच गोष्टीला मंडळ इतिहास म्हणत नाही, हात लावत नाही. पुलाला या सप्टेंबरात पंचवीस होतात. त्यामुळे विषय आपोआप पत्रिकेवर आला. मी मांडला नाही. मी फक्त वाचून दाखवला.

बाकी ठीक. एवढंच कळवायचं होतं.

मी


२ फेब्रुवारी

अगं,

तुझं उत्तर नाही. फोन केला तर तुझी बहीण उचलते आणि म्हणते, ‘भावोजी, ताई बाहेर गेलीय.’ संध्याकाळी केला तर ‘ताई स्टेशनवर गेलीय.’ ते मला माहीत आहे. कोणे एके काळी कोणा फिरत्या विक्रेत्याने त्या फलाटावर एक उंच मुलगा पाहिला आणि तू तिथलीच झालीस. त्यावर मी काही बोलणार नाही. बोलून बोलून आपल्या दोघांच्या तोंडाला फेस आला होता.

मागच्या पत्रात मी आडून आडून बोललो. आता सरळ लिहितो.

पुलाच्या या टोकाला मंडळ पाटी लावणार आहे. त्या दिवशी झुलत्या पुलाची दोरी तुटली तेव्हा जे पाण्यात गेले, त्यांची नावं. जे सापडले त्यांची नावं सरकारी यादीत आहेत, त्यांचा प्रश्न नाही. जे सापडले नाहीत त्यांच्यासाठी मंडळाचा दोन साक्षीदारांचा नियम आहे. त्या माणसाला पुलावर चढताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली दोन माणसं हवीत. ऐकीव चालत नाही. एक माणूस चालत नाही.

हा नियम का झाला तेही सांगतो, नाहीतर म्हणशील, पेन्शनीतल्या लोकांना काय उद्योग. गिरणीच्या आगीची पाटी लावली होती आम्ही, तू हे घर सोडल्यानंतर. भाषणं झाली, पडदा सरकवला. गर्दीतून एक म्हातारा पुढे आला, खिशातून चष्मा काढला, पाटी वाचली आणि म्हणाला, ‘अहो, हा तर मी.’ आगीच्या दिवशी बायकोशी भांडून दांडी मारली होती बाबाने, तिथून परस्पर दुसऱ्या गावी कामाला लागला, आणि सगळ्यांनी त्याला जळाला म्हणून सोडून दिलं होतं. अध्यक्षांचा जबडा त्या दिवशी स्वतःचाच उघडा राहिला. वर्षभर गावात तोंड दाखवायची सोय नव्हती. शाळेतली पोरं मला रस्त्यात विचारायची, ‘काका, आमचं नाव कधी?’ तेव्हा कानाला खडा लावला आणि दोन साक्षीदारांचा नियम मीच लिहिला.

आपल्या टिल्लूला एक साक्षीदार आहे. पुलाच्या तोंडाशी बसणारा छत्रीवाला. गेला बिचारा, पण त्याची साक्ष मी आधीच लिहून घेतली होती. तो म्हणाला, ‘मी दोरीला छत्र्या टांगायचो, तर हा पोरगा रोज वाकून त्यांच्या खालून जायचा. त्या दिवशीही वाकला, हसला आणि पुलावर गेला.’ सहा फूट वाढलेल्या पोराला आपण टिल्लूच म्हणत राहिलो. कारखान्यातले त्याचे जोडीदार तर या नावावरून पोट धरून हसायचे.

दुसरी साक्षीदार तू आहेस. मी कचेरीत होतो. तू गच्चीवर कपडे वाळत घालत होतीस आणि गच्चीवरून पूल दिसायचा. त्या संध्याकाळी तू मला सांगितलंस की तो पुलावर पाय ठेवताना तू पाहिलास, वळून त्याने हात केला. मग पुढे कधीतरी म्हणायला लागलीस की तो दुसराच कोणीतरी मुलगा असेल, उन्हात नीट दिसलं नाही. मी कधी वाद घातला नाही त्यावर. घातला असेन एकदोनदा.

मंडळाचा छापील कागद सोबत आहे. जे पाहिलंस तेवढंच लिही. बाकी काही मागत नाही.

मी


१९ मार्च

टिल्लूच्या आई,

तुझं एका ओळीचं कार्ड मिळालं. ‘गिरणीच्या पाटीवरचा माणूस चष्मा लावून परत आला होता, तुम्हीच सांगता.’ वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. ती गोष्ट सांगायची अवदसा मला आठवली, दुसरं काय! तू ती बरोब्बर माझ्याच अंगावर फेकणार, हे लग्नापासून ओळखायला हवं होतं.

तो माणूस परत आला कारण तो आगीत नव्हताच, बाई. आपला मुलगा पुलावर होता. तू पाहिलंस.

रागाने लिहितोय, पण फाडणार नाही. वाच.

सभेत मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, ‘चिटणीसांचा मुलगा आहे, त्यांच्यापुरता नियम बाजूला ठेवू.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. मीच ओरडलो. खुर्ची मागे पडली एवढ्या जोराने उठलो. म्हटलं, उपकार म्हणून माझ्या मुलाचं नाव नको. बाकीच्या आईबापांनी साक्षी गोळा करताना उंबरे झिजवले आहेत. एका बाईचा नवरा सापडला नव्हता, तिला मी स्वतः परत पाठवलं होतं की बाई, अजून एक माणूस आणा. तिने आणला. आता तिच्यासमोर कुठल्या तोंडाने उभा राहू? अध्यक्षांनी मला पाणी दिलं आणि विषय पुढे ढकलला.

तू विचारशील, पाटी हवी कशाला एवढी. सांगतो.

परवा ‘ओळखा पाहू’ झालं. बरीच माणसं आली. प्रत्येक फोटोखाली एक चिठ्ठी असते, तिच्यात दोन रकाने: ओळखणारा पहिला, ओळखणारा दुसरा. दोघांचं जुळलं तरच नाव पक्कं. कोणीतरी पुलाचा एक जुना फोटो दिला होता, कारखाने सुटायच्या वेळचा. पोरं येताहेत, सगळ्यात मागे एक उंचाडा, मान जरा पुढे काढून. मला भिंग लागलं नाही. एक म्हातारी शेजारी उभी होती, ती म्हणाली, ‘हा कोण हो, विजेचा खांब?’ मी म्हटलं, ‘माझा मुलगा.’ ती ओशाळली. मी पहिल्या रकान्यात नाव लिहिलं, शेजारी सही केली आणि बाजूला झालो.

दिवसभर तो फोटो टेबलावर होता, अगं. आपल्या गल्लीतली माणसं येऊन गेली. त्याचे शाळेतले मास्तर आले, त्यांनी फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि खाली ठेवला. त्याचा जिगरी दोस्त इथे नाही, कारखान्याचे उस्ताद गेले. संध्याकाळी मी खोका भरताना चिठ्ठी बघितली. दुसरा रकाना कोरा.

त्याला ओळखणारी आपण दोनच माणसं उरलो आहोत. आपण गेलो की फोटोतला तो ‘कोण हो’ होणार. तू म्हणतेस तो जिवंत आहे. असो. पण जिवंत असला तरी तो इथे होता, या रस्त्याने जायचा, वाकून छत्र्यांखालून जायचा, हे सांगणारं काहीतरी नको का? मी नदीवर जातो तेव्हा कुठे बघायचं तेच कळत नाही. एवढं पाणी. बाकीच्यांना निदान एक जागा आहे. मला उभं राहायला एक जागा दे.

मागे मी त्या सरकारी कागदावर सही केली, तो वारला असं धरून चालायला हरकत नाही म्हणून, आणि त्याच आठवड्यात तू बॅग भरलीस. ‘तुम्हाला तो मेलेला हवा आहे,’ म्हणालीस. तेव्हा मी उत्तर दिलं नाही, आज देतो. मला तो कसाही हवा आहे.

टिल्लूचे बाबा


११ मे

सौ. साक्षीदार यांस,

आपण भरून पाठवलेला साक्षीचा कागद मंडळास मिळाला. तो काल झालेल्या सभेत नियमाप्रमाणे वाचण्यात आला. हरकत आली नाही. साक्ष ग्राह्य धरून सदर नाव पाटीवर घेण्याचे एकमताने ठरले. आपण दिलेल्या सहकार्याबद्दल मंडळ आपले आभारी आहे. पाटीचे अनावरण सप्टेंबरमध्ये होईल, त्यास उपस्थित राहावे ही विनंती.

चिटणीस

(हे पाठवावंच लागतं, सगळ्यांना पाठवतो. रागावू नकोस. मी वेगळं लिहीन. आत्ता जमत नाही.)


२७ जून

अगं,

वेगळं लिहीन म्हणालो आणि इतके दिवस गेले. रोज बसतो, ‘अगं’ लिहितो, उठतो.

सभेत काय झालं ते आधी सांगतो. साक्षी चिटणीसाने उभं राहून मोठ्याने वाचायच्या, हा शिरस्ता आहे. तुझा कागद हातात घेतला. अक्षर तुझंच, प्रत्येक ओळ तेवढीच तिरकी. कुठे होता, गच्चीवर. काय करत होता, कपडे वाळत घालत होते. कोणाला पाहिलं. काय घातलं होतं, निळा शर्ट, कोपरावर शिवलेला, मी शिवलेला. पुलावर चढताना पाहिलं का, हो. खात्री आहे का, हो. वळून हात केला, मी ओल्या हाताने हात केला. मंडळाकडे एवढ्या साक्षी आहेत, इतकी नेटकी एकही नाही. मी वाचत गेलो. मग ‘मृताशी नातं’ असा रकाना आला, आणि त्याच्यापुढे तू लिहिलं होतंस, आई.

‘मृत’ हा शब्द असलेला प्रत्येक कागद तू आजवर फाडलास. पालिकेच्या माणसाच्या अंगावर धावून गेली होतीस त्याच शब्दापायी. आणि आता त्याच शब्दापुढे, निमूटपणे, आई. मला पुढे वाचता आलं नाही. मुख्याध्यापिका बाईंनी कागद माझ्या हातातून घेतला आणि शेवटपर्यंत वाचला. मला ‘सरळ उभे राहा’ म्हणाल्या नाहीत. ‘बसा,’ म्हणाल्या.

सगळे माझ्याशी हळू बोलले. डॉक्टर घरापर्यंत सोडायला आले, एक शब्द न बोलता. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप. मी कुलूप उघडलं, खुर्चीत बसलो आणि वाट बघू लागलो की आता बरं वाटेल. एवढी वर्षं जे मागत होतो ते मिळालं होतं. नावाला जागा मिळाली, मला उभं राहायला जागा मिळाली. छातीवरचा दगड उतरेल म्हटलं. उलट दुसरा येऊन बसला. का ते कळेना. पेंटर पाटी रंगवायला घेऊन गेला, बाकीची नावं लिहून झाली, टिल्लूचं नाव शेवटी आहे, तो रोज विचारतो, ‘काका, घेऊ का?’ मी म्हणतो, थांब, अक्षराचं माप बघतो. माप काय बघायचंय! ते मी केव्हाच काढून दिलंय.

काल तुझ्या बहिणीचा फोन आला. या खेपेला तिने स्वतः केला. म्हणाली, ‘भावोजी, एक चांगली गोष्ट सांगते. ताईने तो कागद पोस्टात टाकला त्या दिवसापासून ती स्टेशनवर गेलेली नाही. संध्याकाळी घरातच असते. भाजी निवडते, टीव्हीसमोर बसते. आम्ही सगळे म्हणतो, सुटली एकदाची.’ मी म्हटलं, ‘हो का. बरं झालं.’ विचारलं, ‘बोलते का काही?’ तर म्हणाली, ‘नाही. पण शांत आहे.’

फोन ठेवला आणि मी घड्याळाकडे बघितलं, अगं.

मला तेव्हा कळलं मी काय करून बसलोय. इतकी वर्षं मी गावभर शहाणा म्हणून मिरवलो. बायको वेडी झाली, तिकडे फलाटावर बसते, मी मात्र सावरलो, कामाला लागलो, मंडळ चालवलं. लोक म्हणायचे, याला म्हणतात धीराचा माणूस. कसला धीर! मी ‘तो गेला’ म्हणायचो, कारण माझ्या वाटणीची आशा तू करत होतीस. मी जेवून झोपायचो, कारण संध्याकाळच्या गाडीला कोणीतरी उभं आहे हे मला माहीत होतं. तो उतरलाच चुकून, तर त्याची आई तिथे आहे. हे मी कधी मनातसुद्धा बोललो नाही, पण त्याच्यावरच उभा होतो. आणि तो पाया मी तुझ्याकडून छापील कागदावर, दोन रकान्यांत, सहीसकट काढून घेतला.

आता तिकडे कोणी नाही. काल संध्याकाळची गाडी आली असेल. माणसं उतरली असतील. एकही माणूस त्यांची तोंडं बघत नव्हता.

मी आज सकाळी मंडळात जाऊन नियमांची फाईल काढली. त्यात एक कलम आहे, आजवर कोणी वापरलेलं नाही. पाटीवर नाव चढेपर्यंत साक्षीदाराला साक्ष मागे घेता येते. कारण विचारलं जात नाही. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘तुम्हालाच तर हवं होतं ना हो?’ मी म्हटलं, हो. ते म्हणाले, ‘मग?’ मी फाईल मिटली. ते म्हणाले, ‘पेंटरला मी थांबवून ठेवतो.’

लोक काय म्हणायचं ते म्हणतील. चिटणीसाने स्वतःचीच साक्षीदार फोडली म्हणतील. म्हणू देत. तो पुलावर होता. ते तुलाही माहीत आहे, मलाही माहीत आहे, छत्रीवाल्यालाही माहीत होतं. पण माहीत असून आपण दोघंही घरात बसून राहिलो तर त्याचं कोण उरलं?

मी येतो तिकडे. आठवडाभरात येतो, विहिरींचे नकाशे मंडळात पोचते केले की निघतो. तुझ्या बहिणीकडे नको, मी स्टेशनजवळ खोली बघीन. एक दिवस तू बस, एक दिवस मी बसेन. माझी नजर अधू झालीय, पण उंची मला लांबून कळते. मला कसं उभं राहायचं ते दाखव, जिन्याच्या कुठल्या बाजूला, कुठला डबा कुठे लागतो. मी विरोधात बोलणार नाही. शपथ.

त्याआधी एवढं कर. सोबत कोरा कागद ठेवलाय. त्यावर फक्त एवढंच लिही की मी जे लिहिलं होतं त्याची आता खात्री वाटत नाही. खाली सही कर आणि पाठव. मग ऊठ, चपला घाल आणि स्टेशनवर जा. गाडी गेली असली तरी जा.